रुमालाखालचा हात

मी अकोल्याच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. हसू नका. दरवर्षी फळ्यावर ग्रामसभा, सरपंच, गुप्त मतदान असं सगळं लिहिते, पोरं वहीत उतरवून घेतात, आणि मी हातावरचा खडू झटकत मनात म्हणते, बाई, तुला तरी यातलं काय कळलंय? पूर्वी असं म्हणत नव्हते. पूर्वी मोठ्या उत्साहानं शिकवायचे. आमच्या वहिनीनं सरपंचपदाचा अर्ज भरला, तेव्हापासून हे सुरू झालं.

माझं माहेर मोर्शीकडचं. संत्र्याचा भाग, गाव आठवडी बाजाराचं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, भाड्यानं टेम्पो चालवतो. वहिनी घरच्या वावरात भाजी काढते आणि बाजारात बसून विकते. वांगी, मेथी, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, उगाच डाळीचं सांबार डोळ्यापुढे आणू नका) आणि दसऱ्याच्या सुमाराला झेंडू. तिच्या शेजारी मोर्शीहून येणारी एक बांगडीवाली चाची बसते. दोघींचं चांगलं जमतं. एकीला उठायचं झालं की दुसरी दोन्ही दुकानं सांभाळते. पण उठायची वेळ येऊ नये म्हणून दोघीही बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत.

आमच्या बाजारातली कुठलीच बाई पीत नाही. सकाळी गाठोडं सोडल्यापासून दिवेलागणीपर्यंत घोटसुद्धा नाही. वऱ्हाडातलं ऊन काय असतं ते मी इथं सांगत बसत नाही. ज्याला माहीत नसेल त्यानं मे महिन्यात अकोल्याच्या स्टँडवर भर दुपारी उभं राहून पाहावं. तशा उन्हात या बाया कोरड्या घशानं भाव सांगत बसतात, कारण पाणी प्यालं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही.

जागा नाही, हेही खरं नाही, आणि इथेच माझं डोकं सणकतं. बाजाराच्या कोपऱ्यात शौचालय आहे. पक्कं बांधलेलं, टाईल्स लावलेलं, बाहेर एका हसऱ्या बाईचं चित्रसुद्धा आहे. फीत कापली, नारळ फोडला, फोटो काढले, आणि लगेच कुलूप लागलं. आता बायकांच्या बाजूला संत्र्यावाल्या भाऊंचे प्लास्टिकचे क्रेट भरलेत आणि पुरुषांच्या बाजूला कृषी केंद्रवाल्या काकांच्या खताच्या गोण्या.

हे दोघं कोण ते सांगते. भाऊंचं गावाबाहेर संत्र्याची छाटणी आणि पॅकिंग करायचं मोठं शेड आहे. काकांचं बियाण्या-खताचं दुकान आहे. भाऊ एका पक्षाचे, काका दुसऱ्या. प्रत्येक निवडणुकीत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, दोघांची माणसं पानठेल्यावर एकमेकांची कॉलर धरतात, एकाच्या घरच्या लग्नाला दुसरा जात नाही. गाव अर्धं याच्या बाजूनं, अर्धं त्याच्या. आणि हे असे जानी दुश्मन बाजाराच्या कोपऱ्यात एका विटेच्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे सुखानं नांदतात! एवढा शेजारधर्म मी गावात दुसरीकडे कुठे पाहिला नाही. चावी कोणाकडे आहे असं विचारलं की ग्रामपंचायतीत उत्तर मिळायचं, "वरून आदेश नाई आला."

त्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. भाऊंनी सून उभी केली, काकांनी बहीण. मी दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले होते, तेव्हा वहिनी मेथी निवडता निवडता म्हणाली, "ताई, मीबी अर्ज भरून राहिली."

"कायचा?"

"सरपंचाचा. मले सरपंच नाई व्हायचं. मले ते कुलूप खोलाचं हाये. खोललं की सोडून देईन, मंग बसा म्हणा खुर्चीवर ज्याले बसाचं त्यानं."

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे तिला सगळे नियम समजावून सांगितले. दादाही खूश. "भर," म्हणाला, "कोणाच्या बापाले भ्यायचं काम नाई." स्वतःच्या टेम्पोत बसवून तो तिला मोर्शीच्या तहसील कार्यालयात घेऊन गेला. हे मी मुद्दाम सांगते आहे. दादा वाईट नाही.

अर्ज भरल्यावर मला वाटलं होतं, आता धमक्या येतील. एक आली नाही. सगळे कसे गोड! भाऊंच्या घरून फराळाचं ताट आलं, काकांनी दुकानात वहिनीला बसायला खुर्ची दिली. फक्त आमच्या वावरातली लाईन गेली. मोटर बंद, भाजी माना टाकायला लागली. लाईनमन म्हणाला, "वयनी, माह्या हातात काही नाई, वरून सांगतलं हाये." वहिनी त्याच्या साहेबाकडे गेली. साहेब म्हणाले, मोठ्या ऑफिसात विचारा. मला राग आला, मी अकोल्याहून थेट अमरावतीला गेले, मोठ्या ऑफिसात दोन बाकांवरून उठवल्यावर एका भल्या माणसानं दार लोटून घेतलं आणि हळूच सांगितलं, "मॅडम, आम्हाला तर तुमच्या गावातूनच फोन आला." म्हणजे वरचा खाली बोट दाखवतो आणि खालचा वर. मधल्या मधे आमची मेथी वाळली. परतीच्या बसमध्ये मी इतकी चिडले होते की बडनेरा कधी गेलं ते कळलंच नाही.

आता थोडं आमच्या बाबांबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा बैलबाजारात दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जमवायचा, हे त्यांचं काम. आणि सौदा तोंडानं व्हायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, नुसती कोपरं हलतात. पटलं की हात घट्ट दाबायचा, नाही पटलं तर झटकायचा. बाबा मला सोबत न्यायचे, तेव्हा लोक नावं ठेवायचे की पोट्टीले कायले आणता इथं. मी बैलांच्या पायांतून उभी राहून रुमाल पाहायचे. एकदा घरी येताना विचारलं, "बाबा, काय ठरलं वो?" बाबा थांबले. म्हणाले, "रुमालाखालचं इचारत नसतात, बेटा. इचारणं बेअदबी असते."

त्यामागे त्यांची सभ्यता होती. भाव उघड बोलला तर विकणाऱ्याची अडचण चारचौघांत दिसते, घेणाऱ्याची ऐपत दिसते. झाकलं तर दोघांची अब्रू राहते. बाबांच्या हाताबद्दल मला आजही शंका नाही. पण गावाच्या अंगात ती रीत मुरली ती मुरलीच. बैलबाजार ओसरला, ट्रॅक्टर आले, तरी आमच्या गावात कोणीही रुमाल टाकला की बाकीचे आपोआप दुसरीकडे पाहायला लागतात. आणि बाईचा हात त्या रुमालाखाली कधी गेला नाही, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला. काकांच्या बहिणीनं आधीच अर्ज मागे घेतलेला. का, ते कोणी विचारलं नाही. आता भाऊंची सून आणि आमची वहिनी दोघीच उरल्या. सकाळीच निरोप आला, सगळे मिळून शेडवर नाश्त्याला या. मी रजा टाकून आले होते, मीही गेले.

शेडमध्ये सतरंज्या अंथरलेल्या. गावातली सगळी मोठी माणसं बसलेली. दह्यातला गिला वडा, चहा, संत्र्याचा घमघमाट. आणि पाहते तर काय, भाऊ आणि काका एकाच सतरंजीवर, मांडीला मांडी लावून! मी त्या दोघांना इतक्या जवळ जन्मात पहिल्यांदा पाहिलं. एकमेकांना वडा वाढून राहिले होते. मी मनात म्हटलं, वा रे बाप्पा, आणि इथे आमची येडी माणसं यांच्यासाठी डोकी फोडतात.

भाऊ बोलले. काका बोलले. दोघांचं भाषण सारखंच. गाव एक असावं, भांडणं बरी नाहीत, बिनविरोध झालं तर वरून जादा निधी येईल. पुन्हा ते वरून!

वहिनी बायकांच्या बाजूला बसली होती. ती उभी राहिली. पदर नीट केला आणि म्हणाली, "मले निधी नाई पायजे. बाजारातलं कुलूप खोला, क्रेट काढा, गोण्या काढा. मी आत्ताच्या आत्ता मोर्शीले जाऊन अर्ज मागे घेते. सगळ्यायच्या समोर सांगून राहिली, झाकपाक काही नाई."

बास, एवढंच. याहून स्वस्त सौदा त्या शेडमध्ये कधी झाला नसेल. क्रेट हलवायला गड्यांना किती वेळ लागला असता? पण काका चहाच्या कपात पाहत होते. भाऊ हसले आणि म्हणाले, "होईन न, वयनी, सगळंच होईन." तेव्हा मला लख्ख कळलं. त्यांना कुलूप उघडणं जड नव्हतं. एका भाजीवालीनं चारचौघांत मागितलं म्हणून उघडणं जड होतं. आज हिच्या म्हणण्यावरून कुलूप उघडलं, तर उद्या कोणीही बाई उठेल आणि काहीही मागेल.

मग भाऊंनी वहिनीकडे पाहणंच सोडलं. दादाला हाक मारली. "तू इकडे ये, बाप्पा. बस जवळ." दादा गेला. भाऊंनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आणि दोघांच्या हातांवर टाकला.

इतक्या सहज की काय सांगू! कोणाला काही वाटलं नाही. सगळी बैलबाजारातली माणसं. माना आपोआप वळल्या. कोणी वड्याकडे पाहायला लागलं, कोणी छताच्या पत्र्याकडे. माझे डोळे मात्र दादाच्या कोपरावर. लहानपणी बाबांच्या कोपरावर असायचे तसेच. कोपर हललं. थांबलं. पुन्हा हललं. दादाचं तोंड कसनुसं झालं, मग सैल पडलं. मी ओळखलं, हात दाबला गेला.

वहिनीनंही ओळखलं. ती बायकांच्या सतरंजीवरून निघाली, पुरुषांच्या मधून सरळ चालत गेली आणि तिनं तो रुमाल ओढून काढला.

खाली तीन हात होते.

बैलबाजारात रुमालाखाली दोन हात असतात. इथे दादाची दोन बोटं भाऊंच्या मुठीत होती, आणि भाऊंच्या मनगटावर काकांचा हात होता. पिढ्यान् पिढ्यांच्या दुश्मनाचा हात! उघडा, पांढऱ्या उजेडात, सगळ्या गावासमोर.

"अर्ज माहा," वहिनी म्हणाली, "न हात तुमचे तिघायचे? माहा हात कुठी हाये यात?"

मी ओरडले, "पाहा न! अरे, पाहा न सगळे!" पण कोणी पाहीना. खरंच सांगते, एकानंही त्या हातांकडे पाहिलं नाही. सगळे वहिनीकडे पाहत होते. तिच्या हातातल्या रुमालाकडे. आणि आणखी एक सांगते, कारण ते मला अजून छळतं. माझ्या मनातसुद्धा सगळ्यात आधी आलं ते, अवो माय, वहिनीनं हे काय केलं! हात मला नंतर दिसले. आधी बेअदबी दिसली.

एक म्हातारे गृहस्थ, बाबांचे मित्र, हळहळत म्हणाले, "सूनबाई, असं नसते करत." भाऊंनी हात सोडवून घेतला, रुमाल परत मागितला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला. काकांनी उरलेला चहा संपवला. नाश्ता झाला.

वहिनीनं अर्ज मागे घेतला नाही. घरी जाताना टेम्पोत दादा म्हणाला, "माही इज्जत काढली तू गावात." ती म्हणाली, "इज्जत रुमालाखाली होती का तुमची?" त्यानंतर त्या घरात बरेच दिवस पोरांमार्फत बोलणं चालू होतं.

मतदान झालं. काय सुंदर झालं म्हणून सांगू! शाळेच्या खोलीत यंत्र, बोटाला शाई, दाराशी पोलीस, म्हाताऱ्यांसाठी खुर्ची. कोणी कोणाला अडवलं नाही, कोणी कोणाचं मत पळवलं नाही. पेपरात बातमी आली, मतदान शांततेत पार पडलं. आणि आमची वहिनी अशी पडली की मतमोजणीच्या साहेबांनी तिचा आकडा जरा खालच्या आवाजात वाचला. बायका नंतर तिला विहिरीवर भेटून म्हणाल्या, "आमी तं तुलेच देनार होतो वो. पण तू असं माणसायच्या समोर रुमाल कायले ओढला?" वर आणखी बिनविरोधचा निधी हिच्यामुळे गेला, हेही तिच्याच माथी. बांगडीवाली चाची तेवढी रडली. म्हणाली, "मेरा व्होट मोर्शीत है बाई, नाही तं तुमकोच देती."

मी गप्प बसणार नव्हते. नागरिकशास्त्राची बाई ना मी! तक्रार करायला पुन्हा अमरावती गाठली. तिथल्या निवडणूक शाखेच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मॅडम, तुमचं म्हणणं नेमकं काय आहे? पैसे दिलेले पाहिले का?" नाही. "धमकी दिली?" नाही. "मग?" मग काय सांगू? तीन माणसांनी एका रुमालाखाली हात धरले, हा गुन्हा कोणत्या कलमात बसवू? माझ्या पुस्तकात सत्ता कुठे असते त्याची आकृती आहे, वरपासून खालपर्यंत चौकोन आणि बाण. त्या आकृतीत रुमाल काढायला जागाच नाही. साहेबांनी चहा पाजला, एवढं खरं.

पुढच्या हंगामात दादाचा टेम्पो भाऊंच्या शेडवर कायमचा कामाला लागला. त्या दिवशी बोटांनी काय सांगितलं, हे मी त्याला विचारलं नाही. वहिनीनंही विचारलं नसावं. गावात मात्र ती गोष्ट अजून सांगतात. नवीन आलेल्या सुनांना आमचं घर दाखवून सांगतात, ते घर, तिथल्या बाईनं भरल्या बैठकीत रुमाल ओढला होता. रुमालाखाली काय होतं, ते कोणी सांगत नाही.

परवा उन्हाळ्यात गेले होते. बाजाराचा दिवस होता म्हणून सरळ बाजारातच उतरले. वहिनी आणि चाची छत्रीखाली बसलेल्या, दोघींचे ओठ सुकलेले. कोपऱ्यात तेच शौचालय, हसऱ्या बाईला नवा रंग दिलेला, कुलूप मात्र जुनंच. मी स्टँडवरून थंडगार पाण्याची बाटली आणली होती. ती वहिनीपुढे ठेवली, तेवढ्यात सरपंचबाई भाजी घ्यायला आल्या. भाऊंची सून. लहान आहे पोरगी, डोक्यावर पदर, मागे शेडवरचा एक माणूस पिशवी धरून.

माझं डोकं सणकलंच. म्हटलं, "काय सरपंच, कुलूप कधी उघडून राहिल्या?"

तिनं मागच्या माणसाकडे पाहिलं. तो पलीकडे कांद्याचा भाव विचारत होता. मग ती वांगी निवडायच्या निमित्तानं खाली वाकली आणि वहिनीच्या कानाशी म्हणाली, "काकू, चावी माह्याकडेबी नाई वो. मी मागतली होती. मामंजी म्हणाले, तू सही करत जाय."

 मला वाटलं, वहिनी आता चांगली सुनावणार. पण तिनं वांगी तोलली, वरून सांबाराची एक जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "ऊन लय हाये पोरी, घरी जाय."

ती गेली. मी बाटली पुढे सरकवली. "पी न वहिनी, घोटभर तरी."

"घरी जाऊन पिईन," ती म्हणाली. बाटलीचं झाकण काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि सुकत चाललेल्या सांबारावर शिंपडून टाकलं.